चार आवाजांच्या घरात नवा माणूस



सौंदर्यशास्त्रावर बोलताना आपण सहसा मोठी उदाहरणं घेतो. कालिदास, बीथोवेन, अजिंठा. त्यात वक्त्याची एक सोय असते. ते चांगलं आहे हे श्रोत्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. मग सिद्धान्त थोडा कच्चा असला तरी उदाहरणाच्या जोरावर निभावून जातो. आज आम्ही ती सोय सोडून दिली आहे. गेम बॉय नावाच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावर जगातली काही माणसं गेली पंचवीस-सव्वीस वर्षं संगीत रचत आहेत. खेळासाठी नव्हे, संगीतासाठी संगीत. त्याला चिपट्यून किंवा चिप संगीत म्हणतात. ते चांगलं की टाकाऊ, याबद्दल आपल्यापैकी बहुतेकांचं अजून काहीच मत नाही. विचार करायला ही उत्तम स्थिती आहे.

प्रश्न असा घेऊ. या मंडळींत एखादा नवा माणूस दाखल होतो, म्हणजे नेमकं काय होतं? तो एक यंत्र विकत घेतो, एक तंत्र शिकतो, की याहून वेगळं काही घडतं? आमचं म्हणणं असं की तो प्रामुख्याने ऐकायला शिकतो, आणि काय ऐकायला शिकतो यावरच या संगीताचं बरंवाईट ठरतं. आता हे पायरी-पायरीने पाहू.

आधी यंत्र. गेम बॉय निन्टेंडो कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये जपानात बाजारात आणला. त्यामागे गुनपेई योकोई या अभियंत्याचं एक धोरण होतं: जुनं, स्वस्त, पुरतं मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. म्हणून पडदा हिरवट, चारच छटांचा. वीज चार साध्या सेलची. आणि आवाज? तेही चारच.

या चार आवाजांची ओळख करून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, तेव्हा थोडा धीर धरा. पहिले दोन चौकोनी लहरींचे. पिपाणीसारखा धारदार आवाज. त्या लहरीची रुंदी चार प्रकारे बदलता येते, पण त्यातले दोन प्रकार कानाला सारखेच लागतात; म्हणजे प्रत्यक्षात तीनच रंग. तिसरा आवाज जरा उदार आहे. त्याच्या लहरीचा आकार आपण स्वतः काढायचा: ३२ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला १६ उंच्या. पण या आवाजाची पातळी कमीजास्त करायला गेलात तर पर्याय फक्त चार: पूर्ण, निम्मा, पाव आणि बंद. चौथा आवाज म्हणजे नुसती खरखर. झांजा, टाळ्या, पावसाची सर, जे काय करायचं ते त्यातूनच करायचं. प्रत्येक आवाज डाव्या कानात, उजव्या कानात किंवा दोन्हींत. मधलं काही नाही. संपला संसार.

यात तीन सुरांचा मेळ एका वेळी वाजवायचा झाला तर तिन्ही सुरेल आवाज त्यातच खर्ची पडतात. चालीला काही उरत नाही. मग काय करायचं? तीन सूर एकाच आवाजात इतक्या झपाट्याने एकामागून एक फिरवायचे की कानाला ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. भास पूर्ण होत नाही, थोडा थरथरतो. ती थरथर या संगीताची खूण झाली. ढोलाचा ठोका हवा? तिसऱ्या आवाजाचा सूर क्षणार्धात वरून खाली पाडायचा. पण खर्जाची चालही बहुतेकदा त्याच आवाजात असते. म्हणजे ठोका पडतो त्या क्षणी खर्ज गप्प. आणि तरी ऐकणाऱ्याला खर्ज तुटल्यासारखा वाटत नाही; मधली जागा कान भरून काढतो. प्रतिध्वनी हवा? दुसऱ्या आवाजात तीच चाल थोडी उशिरा आणि हळू वाजवायची. दुसरा आवाज मोकळा नसेल तर पहिल्याच आवाजातल्या फटींमध्ये मागचे सूर दबक्या आवाजात पेरायचे.

१९८९ च्या टेट्रिस या खेळाचं संगीत हिरोकाझू तानाका यांनी केलं. त्यातली सर्वांत गाजलेली चाल रशियन लोकगीताची. पण यादीतली तिसरी चाल बाखच्या एका फ्रेंच सुइटमधला मिन्युएट आहे. मूळ रचनाच मुख्यतः दोन स्वररेषांची, त्यामुळे ती या यंत्रात अडचण न होता बसते. बाखच्या काटकसरीला हे घर लहान पडलं नाही, एवढंच तूर्त लक्षात ठेवा.

बरं, खेळ करणाऱ्या कंपन्यांच्या बाहेरच्या माणसाच्या हातात हे यंत्र वाद्य म्हणून कधी आलं? १९९८ मध्ये हॅम्बुर्गच्या कलाशाळेतल्या ऑलिव्हर विट्चो यांनी नॅनोलूप नावाची कार्ट्रिज केली. पुढे २००० च्या सुमारास स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी लिटल साउंड डीजे हा कार्यक्रम लिहिला. आज या मंडळींत सर्वाधिक वापर त्याचाच असावा. गंमत अशी, की कोटलिन्स्कींची मांडणी आभाळातून पडलेली नाही. सूर एकाखाली एक लिहीत जायचे आणि यंत्राने ते वरून खाली वाचत जायचे, ही 'ट्रॅकर'ची पद्धत अमिगा संगणकावर १९८७ पासून रूढ होती. त्याआधी १९८२ च्या कॉमोडोर ६४ मध्ये तीन आवाजांची चिप होती, आणि तिच्यावर एक पिढी पोसली गेली होती. म्हणजे नव्या माणसाला वाटतं आपण एका नवलाईच्या गोष्टीत शिरतोय. प्रत्यक्षात तो एका जुन्या वाड्याच्या मागच्या दाराने आत आलेला असतो.

आता तो नवा माणूस पाहू. समजा, वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी आहे. गेम बॉय तिच्या लहानपणी कुणाच्या हातात नव्हता. तिने लिटल साउंड डीजे उघडला. समोर काय? सूर नाहीत, पट्ट्या नाहीत. आकड्यांचे उभे रकाने. आणि आकडेही आपले नाहीत. नऊ झाले की 'ए' येतो, मग 'बी', असं करत 'एफ', आणि त्यानंतर एकावर शून्य. म्हणजे जे दहा दिसतं ते सोळा असतं. एका फ्रेजमध्ये १६ पायऱ्या. फ्रेजांची साखळी, साखळ्यांचं गाणं, आणि गाण्याला रकाने चारच, चार आवाजांचे. पहिले पंधरा दिवस ही मुलगी संगीत करत नसते, हिशेब करत असते.

ती का टिकते? याची तीन उत्तरं दिली जातात. तिन्ही तपासून पाहू.

पहिलं उत्तर स्मरणरंजनाचं. लहानपणी ऐकलेले आवाज, म्हणून गोड. हे उत्तर आमच्या मते सर्वांत दुबळं आहे. आपल्या मुलीला ते लागूच पडत नाही. तिच्याजवळ ती आठवण नाही. आणि जर हे संगीत आठवणीवरच उभं असेल, तर ती आठवण असलेली पिढी संपली की तेही संपेल. मग नव्या माणसाला दार उघडण्यात अर्थच काय? त्याला फार तर दुसऱ्याच्या बालपणाचं संग्रहालय दाखवता येईल.

दुसरं उत्तर खेळाचं. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची एक सुंदर व्याख्या केली. तिचा आशय असा: ज्या अडथळ्यांची गरज नाही ते आपणहून स्वीकारायचे आणि पार करायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळणं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकणं सोपं आहे. पण मग तो गोल्फ राहत नाही. आज कुठल्याही साध्या फोनवर शेकडो आवाज एका वेळी वाजवता येत असताना चारच घेणं हा उघडउघड सूट्सचा अडथळा आहे. हे उत्तर पहिल्यापेक्षा बरं. निदान त्यात आठवणीची अट नाही.

पण यात एक खोच आहे. खेळात अडथळा पार झाला की काम संपतं. चेंडू भोकात गेला, मिटलं. तो देखणेपणाने गेला की नाही, हे गुणफलकावर लिहीत नाहीत. संगीताचं तसं नाही. 'किती अवघड होतं' आणि 'किती चांगलं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आणि इथेच या मंडळींवर आमचा मुख्य आक्षेप आहे. त्यांच्यातली बरीचशी वाहवा पहिल्या वाक्याची असते. 'एकाच आवाजात इतकं सगळं बसवलं!' बसवलं खरं. पण का बसवलं? सेकंदाला पन्नास सूर फिरले म्हणून ती रचना होत नाही. तानेवर तान मारली म्हणून गाणं होत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही बऱ्या श्रोत्याला माहीत आहे. नवख्याला जर पहिल्याच दिवशी कष्टाला टाळ्या मिळू लागल्या, तर तो कष्ट करायला शिकेल. ऐकायला शिकणार नाही.

तिसऱ्या उत्तरासाठी केंडल वॉल्टन यांच्या १९७० च्या 'कॅटेगरीज ऑफ आर्ट' या निबंधाकडे जाऊ. वॉल्टन विचारतात: संगमरवरी अर्धपुतळा पाहून आपल्याला, हा छातीपासून कापलेला पांढराफटक माणूस आहे, असं का वाटत नाही? कारण पांढरेपणा आणि तो छेद हे त्या प्रकाराचे ठरलेले गुण आहेत. आपण ते गृहीत धरतो आणि त्यांच्या आत जे बदलतं तेवढंच पाहतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो. तरीही पियानोची एखादी ओळ आपल्याला गळ्यातून आल्यासारखी लांबलेली वाटते, कारण आपण तिची तुलना गळ्याशी करत नसतो, पियानोच्या आवाक्याशी करत असतो. थोडक्यात, एखादी कृती कशी आहे हे ती कोणत्या प्रकारात पाहिली यावर अवलंबून असतं, आणि प्रकार ओळखणं ही शिकायची गोष्ट आहे.

हे आपल्या चार आवाजांना लावून बघा. ज्याला प्रकार माहीत नाही त्याला सगळ्यांत आधी ऐकू येते ती पिपाणी. टिंव टिंव. त्याचं काही चुकत नाही. तो पुतळ्याचा पांढरेपणा पाहतोय. ज्याला प्रकार माहीत झाला त्याला पिपाणी ऐकू येईनाशी होते. त्याला ऐकू येतं की दुसऱ्या कडव्यात प्रतिध्वनी काढून घेतला आहे आणि तो आवाज दुसऱ्या चालीला दिला आहे. त्याला ऐकू येतं की शेवटी ठोका थांबवून खर्ज पहिल्यांदाच अखंड वाहू दिला आहे, आणि एवढ्याशा गोष्टीने छातीत काहीतरी मोकळं होतं. शंभर आवाजांच्या वाद्यमेळात एक आवाज काढून घेतला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. इथे चारांतला एक गेला की घरातलं माणूस उठून गेल्यासारखं होतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. मर्यादा हा स्वतः गुण नाही. मर्यादा सर्वांना ठाऊक असल्यामुळे रचणाऱ्याची निवड ऐकू येते, हा गुण आहे. पेटीत काय आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून त्यातून काय काढलं आणि काय काढायचं टाळलं, यावर दोघांना बोलता येतं.

आता एका वाईट पाहुण्याची गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा पक्का होईल. माल्कम मॅक्लॅरन हे नाव काहींना ठाऊक असेल. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे व्यवस्थापक. २००३ मध्ये 'वायर्ड' मासिकात त्यांनी एक लेख लिहिला. सारांश असा, की गेम बॉयवरचं हे संगीत म्हणजे नवा पंक, बड्या संगीत कंपन्यांविरुद्धचं बंड. एवढ्या प्रसिद्ध माणसाने दखल घेतली म्हटल्यावर मंडळी खूश व्हायला हवी होती. झालं उलटं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या एका संगीतकाराने जाहीर पत्र लिहून निषेध नोंदवला.

मॅक्लॅरन यांचं काय बिघडलं? ते नवे होते हे कारण नव्हे. कधीतरी सगळेच नवे असतात. बिघडलं ते असं की त्यांनी येतानाच नाव बरोबर आणलं होतं. त्यांच्या तारुण्यातलं, त्यांच्या ओळखीचं नाव. वॉल्टनच्या भाषेत त्यांनी हे संगीत पंकच्या प्रकारात ऐकलं. पंकमध्ये ओबडधोबडपणा हा बाणा असतो: आम्हाला नीट वाजवता येत नाही, आणि त्याची पर्वाही नाही. इथे तर माणूस ३२ बिंदूंची एक लहर जमावी म्हणून रात्र घालवतो. जिथे कारागिरी आहे तिथे बंड ऐकू आलं, की ना कारागिरी कळली ना बंड.

मग चांगला पाहुणा कोण? इथे अ‍ॅलस्डेर मॅकिन्टायर मदतीला येतात. त्यांच्या १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये एका मुलाचं उदाहरण आहे. त्या मुलाला बुद्धिबळ शिकवायचं आहे, त्याला रस नाही. म्हणून त्याला लालूच दाखवतात: खेळलास तर गोळ्या, जिंकलास तर आणखी गोळ्या. जोवर गोळ्यांसाठी खेळतो तोवर संधी मिळाली की फसवायला त्याला काहीच हरकत वाटत नाही. मग एके दिवशी त्याला बुद्धिबळातच मिळणारं काहीतरी सापडतं: डावाची पारख, डोक्याची ती विशिष्ट धार. आता फसवलं तर तो दुसऱ्याला हरवत नाही, स्वतःच हरतो. नवखा कोणत्या गोळ्यांसाठी आला याला आमच्या लेखी महत्त्व नाही. जुन्या यंत्राचं कौतुक असेल, मित्रांत वेगळं दिसण्याची हौस असेल. तो गोळ्यांवरून डावावर केव्हा जातो, आणि मंडळी त्याला जाऊ देतात का, हे पाहायचं.

या बाबतीत मात्र या मंडळींना आम्ही चांगले गुण देऊ. त्यांच्यात एक रीत आहे. गाण्याचा नुसता आवाजच नव्हे, तर कार्यक्रमात साठवलेली मूळ फाइलही अनेकजण इतरांना देतात. ती आपल्या यंत्रात उघडली की प्रत्येक सूर, प्रत्येक लहर, प्रत्येक युक्ती आकड्यांत समोर येते. झाकलेलं काही नाही. आपल्याकडे खानदानी चिजा शिष्यापासूनही दडवल्या जात, आणि भातखंड्यांना त्या मिळवून छापण्यात आयुष्य घालवावं लागलं, हे आठवलं की या रीतीची किंमत कळते. अर्थात फाइल पाहून युक्ती कळते, ती तिथेच का वापरली हे कळत नाही. चीज छापली म्हणून गाणं आलं, असं भातखंडेही म्हणाले नसते. तेवढ्यासाठी शेजारी बसून सांगणारा माणूस लागतोच.

शेवटचा वाद शुद्धतेचा. यंत्राशिवाय, संगणकावर तसेच आवाज काढून केलेल्या संगीताला या मंडळींत 'फेकबिट' म्हणतात. शब्दातच तिरस्कार आहे. कुणी म्हणतो, खरं यंत्र हवं. तेही १९८९ चं जाडजूड मूळ रूप, कारण त्याचा खर्ज भरीव. त्यासाठी लोक यंत्र उघडून आतून वेगळी तार काढतात. आवाजाच्या दृष्टीने यात तथ्य आहे. वाद्याचा स्वतःचा नाद असतो, आणि तो हवासा वाटणं यात गैर काही नाही.

पण त्यावरून दार कुणाला उघडायचं हे ठरवू लागलात, तर आमचा विरोध आहे. तोच कार्यक्रम फोनवर नक्कल करून चालवता येतो. चार आवाज तेच, १६ पायऱ्या त्याच. त्या मुलीजवळ जुनं यंत्र घ्यायला पैसे नसतील तर ती वेगळ्या घरात राहते का? नाही. मर्यादा प्लास्टिकच्या डब्यात नसते; ती दोघांनी मान्य केलेल्या नियमात असते. उलट, कुणी डबा हातात मिरवून मागून गुपचूप पाचवा आवाज वाजवत असेल, तर त्याने खरी फसवणूक केली, कारण श्रोता चार समजून ऐकतो आहे आणि निवड जिथे नव्हती तिथे त्याला निवड ऐकू येते. आणि कुणी उघड सांगून सहा आवाज घेतले तर? खुशाल घ्यावेत. तो वेगळा प्रकार झाला, त्याचं मोजमाप वेगळं.

यात पणाला काय लागलं आहे, असं कुणी विचारील. एक साधी गोष्ट सांगतो. जुन्या कार्ट्रिजमध्ये गाणी जपून ठेवायला बटणाएवढा सेल असतो. तो संपला की आतलं सगळं पुसलं जातं. दुसरीकडे उतरवून ठेवलं नसेल तर वर्षांचं काम गेलं. यंत्रंही नवी बनत नाहीत. आहेत तेवढीच, आणि ती झिजणार. म्हणजे ज्यांनी या संगीताचा सगळा मान यंत्रावर आणि आठवणीवर ठेवला आहे, त्यांनी तो दोन संपणाऱ्या गोष्टींवर ठेवला आहे. नवा माणूस ही त्यांच्यावर उपकार म्हणून आलेली गर्दी नाही. ऐकण्याची रीत दुसऱ्या कानात उतरवायची तर दुसरा कान लागतो, आणि तो नव्या माणसाकडूनच मिळणार.

जाता जाता एक काम देतो. उत्तर आयर्लंडच्या चिपझेल यांनी सुपर हेक्सागॉन या २०१२ च्या खेळाला गेम बॉयवर केलेलं संगीत दिलं आहे. त्यातला एक तुकडा तीनदा ऐका. पहिल्यांदा सगळं. दुसऱ्यांदा फक्त खर्ज धरा, आणि ठोका पडताना त्याचं काय होतं ते पाहा. तिसऱ्यांदा पुन्हा सगळं. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत काही फरक जाणवला तर आजचं व्याख्यान पटलं असं समजू. नाही जाणवला, तर पुढच्या वेळी तिथूनच भांडण सुरू करू.

इथे थांबतो.